ग्राहक संघटना नेमकं करतात तरी काय? तक्रारी लिहून घेण्यापलीकडे काही?

तक्रार नोंदवणं हा त्यांच्या कामाचा सगळ्यात छोटा भाग. खरी ताकद दिसते ती सरकारी यंत्रणेला कोर्टात खेचण्यात.

अमेरिकेतली 'पब्लिक सिटिझन' ही संस्था घ्या. ग्राहक हक्कांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी ती 1971 मध्ये सुरू केली. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर 'राय सिंड्रोम' हा जिवावर बेतणारा आजार होण्याचा धोका वाढतो, हे पुढे आल्यावर तिने डब्यावर इशारा छापण्याची मागणी केली. कंपन्यांचा विरोध, सरकारची चालढकल, कोर्टकचेऱ्या, असं होत होत 1986 मध्ये इशारा सक्तीचा झाला.

कामगारांचंही तसंच. वेल्डिंग आणि क्रोम प्लेटिंग करणाऱ्यांच्या फुप्फुसात जाणारं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचं एक विषारी रूप) कॅन्सरकारक आहे. या संस्थेने एका कामगार संघटनेसोबत 1993 मध्ये मर्यादा कडक करा असा सरकारकडे अर्ज केला, पुढे खटला भरला आणि कामाच्या जागी हवेतली त्याची मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमवर आली ती 2006 मध्ये. तेरा वर्षं! एकट्या कामगाराला हे परवडलं असतं का?

खरेदीदारांसाठी वस्तूंची स्वतंत्र चाचणी करणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यातल्या चांगल्या संस्था कंपन्यांच्या जाहिराती घेत नाहीत. म्हणून कुठल्याही संघटनेवर विश्वास टाकण्याआधी मी एकच पाहतो: तिचा खर्च कोण उचलतं?