हळदीच्या फोटोला फिक्सर का नसतो?

प्रश्न असा आहे: हळदीच्या किंवा पालकाच्या रंगाने कागदावर उन्हात छापलेला फोटो कायमचा टिकवण्यासाठी कोणता फिक्सर, म्हणजे चित्र पुढे प्रकाशाने बिघडू नये म्हणून वापरायचे रसायन, वापरावा, आणि तुरटीने हे काम होते का?

असा फिक्सर नाही, आणि तुरटीने तर हे काम मुळीच होत नाही. तुरटीचे नाव वाचले म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये डेक्कनजवळच्या एका कार्यशाळेला मी गेलो होतो. शिकवणारे गृहस्थ कापड रंगवण्याच्या कामात मुरलेले होते आणि त्यांचा हात खरोखर चांगला होता. स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क कागदाला फासून, त्यावर पारदर्शक फिल्मवरची प्रत आणि काच ठेवून आम्ही ताव गच्चीत मांडले, आणि तीन तासांच्या आत चित्रे उमटली. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचा जुना फोटो छापायला आणला होता. शेवटी सगळे ताव तुरटीच्या पाण्यात बुडवून घेतले गेले आणि ‘आता रंग पक्का झाला, खुशाल भिंतीवर लावा’ असे सांगण्यात आले. तुरटी उन्हापुढे कशी टिकाव धरेल, असे मी विचारले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या लोक तुरटीनेच रंग पक्का करत आले आहेत, असे उत्तर देऊन मला सर्वांसमोर खाली बसवण्यात आले.

बाईंनी तो फोटो चौकट करून पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला. दसऱ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. चौकटीत फिकट पिवळसर कागद उरला होता आणि त्या विचारत होत्या, “माझ्याच हातून काही चुकलं असेल का हो?” हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. त्यांचे काहीही चुकले नव्हते.

त्यानंतर मी एकाच तावाचे दोन तुकडे केले, एक तुरटीत बुडवला, दुसरा तसाच ठेवला, दोन्ही अर्धे काळ्या कागदाने झाकले आणि गच्चीत ठेवले. चौथ्या संध्याकाळी दोन्हींचा उघडा भाग सारखाच विटलेला होता. तुरटी रंगाला धाग्याशी बांधून ठेवते, म्हणून तो धुण्यात जात नाही. परंतु पाण्यापुढे पक्का असणे आणि उन्हापुढे पक्का असणे हे दोन निराळे गुण आहेत.

फिक्सर का शक्य नाही, हे चांदीच्या क्षारांवर छापल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कृष्णधवल फोटोशी ताडून पाहिले की उमगते. तेथे प्रकाश लागलेल्या क्षारांची डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, काळी चांदी होते आणि प्रकाश न लागलेले क्षार हायपो (सोडियम थायोसल्फेट) हा फिक्सर विरघळवून नेतो, त्यामुळे विटण्यासारखे मागे काही राहत नाही. वनस्पतीरंगात मात्र प्रकाश लागलेला रंग नष्ट होतो आणि न लागलेला रंग हेच चित्र असते. तो काढून टाकला तर कोरा कागद उरतो, ठेवला तर तो तितकाच नाजूक राहतो. फुलापानांच्या रसांवरचे हे प्रयोग १८४२ साली प्रसिद्ध करणारे सर जॉन हर्शेल हेच हायपोचा गुणधर्म शोधून छायाचित्रणाला फिक्सर देणारे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनाही या रसांसाठी फिक्सर सापडला नाही.

टिकवण्याबद्दल विचारलेच आहे, तर चित्र काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवावे, पाहायचे तेव्हा काढावे आणि पहिल्याच दिवशी स्कॅन करून घ्यावे. अतिनील किरण अडवणारी काच पुरेशी नाही, कारण हळद दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही शोषते. टाकणखाराने हळद तांबूस होते आणि चित्र उठून दिसते, पण तो केवळ रंगबदल आहे. पालकाच्या बाबतीत एक अपवाद नोंदवला पाहिजे: मोरचुदाच्या सौम्य द्रावणाने हरितद्रव्यातील मॅग्नेशियमची जागा तांबे घेते आणि रंग विटण्याचा वेग कमी होतो, मात्र थांबत नाही. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. हळद शक्यतो हळकुंडे आणून घरीच कुटावी. भेसळीची असली, तर तिच्यातला कृत्रिम रंग उन्हाला वेगळाच वागतो आणि दोष मात्र आपण स्वतःला देत बसतो.

आणि तुरटीने फोटो पक्का होतो असे कार्यशाळेत कोणी सांगितले, तर त्यांचाच एक फोटो अर्धा झाकून आठ दिवस गच्चीत ठेवायला सांगावे, आणि तो पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.