आठवीतल्या मुलीला प्रयोगात फक्त निरीक्षणं लिहायला बसवतात. शाळेत तक्रार केली तर सर तिच्यावर राग धरतील का?

तक्रार कराच. रागाचं नंतर बघू.

मीही यातूनच गेले आहे. तालुक्याच्या गावी आमच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगाला एका टेबलावर चौघांचा गट असे. व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर, ऱ्होस्टॅट मुलांच्या पुढ्यात आणि प्रयोगवही आमच्या. "मुलींचं अक्षर छान असतं, तुम्ही रीडिंग लिहा," असं सर अगदी कौतुकानं म्हणायचे. वर्षभर मी मुलांनी सांगितलेले आकडे तक्त्यात भरले, आलेख काढले. सगळा गट माझ्या वहीवरून उतरवून घ्यायचा.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी निघाली ओहमच्या नियमाची. आकृती तोंडपाठ होती: अ‍ॅमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर. पण वायरची टोकं काचकागदानं घासून लख्ख केल्याशिवाय जोडणी धड लागत नाही, हे आकृतीत कुठे असतं? ते करून करूनच कळतं. स्विचची की लावली, काटा हलेना. बाहेरून आलेले परीक्षक शेजारच्या मुलाला म्हणाले, "जरा हिला जोडून दे रे." त्यानं टोकं घासली, स्क्रू आवळले, काटा सरकला. त्याला वर्षभर जे करायला मिळालं ते मला एकदाही मिळालं नव्हतं, आणि निष्कर्ष मात्र निघाला की मुलींना यंत्रातलं कळत नाही.

माझा थोरला भाऊ अजूनही दिवाळीला सगळे जमले की हेच ऐकवतो: मुलींना मुळात आवडच नसते, मार्क अक्षरावर मिळतात. दादा, ज्या हातात कधी पक्कड दिलीच नाही, त्या हाताची आवड तू मोजलीस कशी? मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नसावा, हे हंसा मेहता समितीनं १९६०च्या दशकातच सांगितलं होतं आणि कोठारी आयोगानं (१९६४-६६) ते उचलून धरलं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडतात असं चित्र छापलं. पुस्तकं बदलली, टेबलावरची वाटणी तशीच आहे.

सगळेच शिक्षक असे नसतात, हे मान्य. आमच्याकडे टेबलाला एकच संच होता आणि सरांना प्रयोग वेळेत उरकायचे असत, हेही खरं. शिवाय नुकसान मुलांचंही होतं. आमच्या गटातल्या पोरांना स्वतः नोंद घेणं शेवटपर्यंत आलं नाही.

राग धरतील का? एखादे धरतीलही. म्हणून मुलीचं नाव घालू नका. दोन-तीन पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या की जोडणी कोण करणार आणि नोंद कोण घेणार हे दर प्रयोगाला आळीपाळीनं बदलावं. तोवर घरी तिला सेल, बल्ब, वायर आणून द्या. ती जोडत असताना कुणी "दे इकडे, मी करतो" म्हणत आला, तर त्याला बाहेरच्या खोलीत पाठवा. मामा असला तरी.