कर्ज फेडताना उमेद कशी टिकवायची? १४ हप्ते गेले तरी काही कमी झाल्यासारखं वाटत नाही

तुम्ही लिहिलंय, ५ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत, आणि बायकोला यातलं काही माहीत नाही. हप्ता ११,६०० च्या वर असणार. १४ हप्त्यांत तुम्ही १ लाख ६३ हजार भरले आणि मुद्दल उतरलं जेमतेम ८८ हजारांनी. सुरुवातीला निम्मा हप्ता व्याजातच जातो. तुम्हाला वाटतंय ते खरंच आहे.

माझं सांगते. आम्ही इचलकरंजीचे. मंदीत ह्यांना माग विकावे लागले, तेव्हा घरावर तीन देणी होती. पतसंस्थेचं कर्ज, क्रेडिट कार्डाचे ६० हजार, आणि माझ्या पाटल्यांवर काढलेले ७० हजार. माझे दीर बँकेत आहेत. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के, वर जीएसटी. सोन्याला वर्षाला बारा टक्के. आधी कार्ड संपवा, सोनं कुठे पळून जात नाही. हिशेब बिनचूक होता. मी ऐकला नाही.

त्या पाटल्या आईनं स्वतःचे गोठ मोडून मला केल्या होत्या. त्या गहाण असताना नणंदेच्या मुलीच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून वावरले. नऊ महिने शिलाईचा पैसा न् पैसा तिकडेच भरला. कालनिर्णयच्या पानामागे दुधाच्या हिशेबाखाली लाल पेनानं बाकी लिहायची. ६२ हजार. ५४. ४७. शेवटी शाखेत सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, वजन करून दाखवलं. एक पाटली अंगठ्यापाशी अडकली, हात सुजले होते. तिथल्याच बेसिनवर साबण लावून चढवली आणि मगच घरी आले.

भावजी अजून म्हणतात, वहिनी, दहा हजार जास्त गेले. गेले, मान्य. पण आधी कार्ड संपवलं असतं तर पुढच्या आजारपणाला त्यावर परत देणं चढलं असतं, हे मला आमच्या घरावरून पक्कं माहीत आहे. पाटल्या सुटल्यावर मात्र कार्डाचे ६० हजार दीड वर्षात फिटले, कारण हे जमतं हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, जे देणं मनाला लागतं ते आधी. चहा सोडणं, उमेद देणारे व्हिडिओ बघणं यानं काही होत नाही. तुमचं एकच कर्ज आहे, तर बोनस आला की त्यातून मुद्दलात भरा. फक्त आधी करारपत्र बघा, पर्सनल लोनला मुदतीआधी भरल्यावर दंड असू शकतो. आणि माझं बघून कार्ड मागे ठेवत असाल तर किमान रक्कम चुकवू नका, नवीन खरेदी बंद करा, उरलेल्या रकमेचे बँकेकडून हप्ते बांधून घ्या. आम्ही ते उशिरा केलं. ६० हजारांवर ३ हजार भरायचो, त्यातले अडीच हजार व्याज आणि जीएसटीतच जायचे.

पण भावजींवरचा माझा खरा राग दहा हजारांचा नाही. कार्डाचं सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि त्यांनीच ह्यांना सांगितलं होतं, वहिनीला कशाला टेन्शन. मला कळलं ते वसुलीवाल्याच्या फोनवरून. त्या आधीचं अख्खं वर्ष मी किराणा उधारीवर आणत नव्हते म्हणून समाधानात होते. मला आधी सांगितलं असतं तर शिलाई मशीन वर्षभर आधी बाहेर काढलं असतं.

तुमच्या बायकोला आज रात्री सांगा. पूर्ण आकडा सांगा, ४ लाख १२ हजार.