'होती' आणि 'असावी'

कोल्हापूर

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

त्या कादंबरीवरचं तुझं टिपण काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून वाचलं, अंधार पडेपर्यंत. कष्ट दिसतात. पण पहिल्याच ओळीत 'ही भयकादंबरी आहे' असा निकाल देऊन टाकलायस आणि पुढची पाच पानं त्याची राखण करण्यात गेलीत.

निकालाची घाई नको. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं १९७० मध्ये मांडलेलं इथं कामाला येतं: घडलं तो भास की खरोखर अलौकिक, हे वाचकाला ठरवता येत नाही तोवरच कथा 'अद्भुत' राहते. उत्तर मिळालं की तिचा प्रकार बदलतो.

हा संशय लेखिका ठेवते कुठं? क्रियापदांत. 'जिन्यात आत्या उभी होती.' 'उभी असावी.' 'उभी आहेसं वाटलं.' 'उभी होती म्हणे.' पहिल्या वाक्यात निवेदिका स्वतः साक्ष देते, शेवटच्यात ती साक्ष गावावर ढकलते. 'म्हणे' हा केवढा मोठा शब्द आहे, बघ! 'असावी', 'वाटलं' गळून नुसतं 'होती' कुठं येतं ते शोध. मला ते अकराव्या प्रकरणात सापडलं, निवेदिकेचा ताप उतरल्यावर. म्हणजे तापाची सबब संपल्यावर. हे तुझ्या टिपणात नाही, आणि कादंबरीचा कणा तोच आहे.

दुसरं, पिंपळाचं. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांतल्या दुसऱ्यानंच अतिमानवी शक्ती हद्दपार केल्या. बरोबरच होतं. भूत भिंतीतून जाणार असेल तर वाचकानं तर्क कशावर लढवायचा? या लेखिकेनं नियम मोडला, पण भुतालाही नियम घातले. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, पिंपळावर राहतो, हे आपला वाचक घरूनच घेऊन येतो. म्हणून तिसऱ्या प्रकरणात रस्त्यासाठी पिंपळ तोडला, ते वाक्य पुरावा आहे. तू ते 'वातावरणनिर्मिती'त टाकलंस, याचं वाईट वाटलं.

प्रत करवीर नगर वाचन मंदिराची आहे, पेन्सिल लावू नको, कागदाच्या पट्ट्या घाल. रविवारी चारनंतर ये. अकरावं प्रकरण मोठ्यानं वाचू.

तुझे,
सर