मैदान आखण्यापूर्वी
तुम्ही प्रथमच बास्केटबॉलचे मैदान आखणार आहात, म्हणून सुचवतो की एनबीएचे (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) ९४ बाय ५० फूट आणि फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) २८ बाय १५ मीटर या मापांची सरमिसळ करू नये. फिबाचे माप सीमारेषांच्या आतल्या कडेपासून धरतात, त्यामुळे ५ सेंटिमीटर रुंदीची रेषा मैदानाबाहेर पडते. नवखे नेमके इथेच चुकतात. दोन्ही कर्ण ३१.७६ मीटर भरल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. तीन गुणांची कमान ६.७५ मीटरची असली, तरी ती एंडलाइनपासून (बास्केटमागच्या सीमारेषेपासून) नव्हे, तर रिंगच्या मध्याखाली, एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर येणाऱ्या बिंदूपासून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावी. जुन्या मैदानांवरील बास्केटसमोरच्या समलंब आकाराच्या प्रतिबंधित क्षेत्राची नक्कल मात्र करू नका. फिबाच्या नियमांत २०१० पासून ते ४.९ मीटर रुंदीचे आयताकृती आहे.