आतड्याला चव कळते का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही परळीकडचे. वडिलांना आठ वर्षांपासून शुगर आहे, मागच्या महिन्यात ग्लिप्टिनची गोळी चालू झाली अन् आमचे डॉक्टर म्हणले ही आतड्यातल्या हार्मोनवर काम करते. आपल्याला तर शुगर म्हणलं की स्वादुपिंड अन् इन्सुलिन एवढंच ठाऊक, मग ह्यात आतडं कामून आलं? अन् आतड्याला काय कळतंय आपण भाकरी खाल्ली का शिरा?

उत्तर : कळतं दादा, चांगलंच कळतं. आतड्याच्या अस्तरात अधूनमधून काही खास पेशी असतात, त्यांचं एक टोक अन्नाकडं अन् दुसरं रक्ताकडं, आणि अंगावर रिसेप्टर, म्हणजे काय आलंय ते ओळखणारे रेणू, फॅटचे वेगळे, प्रोटीनच्या तुकड्यांचे वेगळे. साखरेचं तर अजून निराळं आहे, ती सोडियमला सोबत घेऊन पेशीत शिरते, त्यानं पेशीतला विजेचा भार बदलतो अन् हार्मोन रक्तात सुटतं. जिभेवरचा गोडाचा रिसेप्टर आतड्यातही सापडलाय, पण नुसत्या गोड चवीवर भागत नाही, म्हणून शुगर-फ्री गोळीनं माणसाच्या आतड्यातून हे हार्मोन फारसं सुटत नाही.

ह्या हार्मोनांतली मुख्य दोन म्हणजे जीआयपी आणि जीएलपी-१. ती स्वादुपिंडाला सांगतात, माल येतोय, इन्सुलिन सोडा. १९६४ मधीच दिसलं होतं की ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडानं दिलं तर इन्सुलिन बरंच जास्त सुटतं. निरोगी माणसात ग्लुकोज प्यायल्यावर सुटणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्मं किंवा जास्तच ह्या आतड्याच्या निरोपामुळं असतं, मला तर हे दरवेळी सांगताना नवल वाटतं. तुमच्या वडिलांसारख्या टाइप २ वाल्यांत नेमका हाच निरोप क्षीण होतो.

त्यात जीएलपी-१ टिकतं जेमतेम २ मिनिटं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडून टाकतं. ग्लिप्टिन त्या एन्झाइमला अडवते, बस. आणि रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच जीएलपी-१ इन्सुलिन वाढवतं, त्यामुळं ही गोळी एकटीच चालू असेल तर शुगर एकदम उतरायची भीती कमी. सोबत दुसरी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र जपा.

घरी एक करून बघा, ताटात तेच ठेवा पण आधी मटकीची उसळ, दही, काकडी खाऊ द्या अन् दहा-पंधरा मिनिटांनी भाकरी, कारण प्रोटीन अन् फॅट आधी पोचलं की जीएलपी-१ लवकर सुटतं, पोट हळू रिकामं होतं अन् साखर एकदम उसळत नाही. चार दिवस असं अन् चार दिवस नेहमीसारखं जेवून दोन तासांनी शुगर मोजा, आकडे वहीत लिहा अन् पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनानं कमी करू नका.

आणि हो, वरच्या पोटात जोरात दुखून पाठीत कळ गेली, उलट्या झाल्या तर पुढची ग्लिप्टिन न देता लगेच दवाखान्यात न्या, क्वचित होतं पण स्वादुपिंडाला सूज असू शकते.