आधी गाडीखाली झोप, मग मॉडेलचं नाव घे

पोरी,

काल रात्री तू पाठवलेले जुन्या गाड्यांचे सगळे स्क्रीनशॉट बघितले. सफारी स्टॉर्म, हेक्सा, स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, डस्टर आणि कुणीतरी गळ्यात मारायला बघतोय ती जुनी फॉर्च्युनर. खाली तुझी एकच ओळ, 'काका डोकं चालंना, कुठली घेऊ?' ऑफिसातला एक सांगतोय, मामा म्हणतोय फोर बाय फोर, चारी चाकं ओढणारी, काय करायचीय, एजंट तिसरंच सांगतोय. मला खरंच वाईट वाटलं, कारण तुझं काम किती सरळ आहे. आठवडाभर कळंब्यातून गोकुळ शिरगावला कामावर जायचं, सुट्टीला आई-बाबा आणि आज्जीला घेऊन गारगोटी-कडगाववरून पाटगावला, आणि हंगामात मागं मधपेट्यांचा ट्रेलर. एवढं माहीत असताना लोकांनी तुझ्या डोक्याचा पार भुगा करून टाकलाय.

मॉडेलचं नाव मला विचारूच नको. जुन्या गाडीत मॉडेल घ्यायचं नसतं, ती समोर उभी आहे ती एक गाडी घ्यायची असते. आणि ती कशी आहे हे वरनं कळत नाही, खाली झोपल्यावर कळतं. म्हणून माझं एकच म्हणणं, आधी गाडीखाली झोप. उद्यमनगरात ओळखीच्या गॅरेजला रॅम्पवर चढवून घे, नाहीतर चटई टाकून बॅटरी घेऊन खाली शीर, पण खालून बघितल्याशिवाय एक रुपया टोकन द्यायचं नाही.

तू म्हणशील काका अतीच करतात. घरचेही तेच म्हणतात. आमच्याकडं एक स्टॉर्म ठरत आली होती, पांढरी, आत सीटा एकदम नव्यासारख्या, हिला रंगसुद्धा आवडलेला. मी खाली गेलो तर सगळ्या चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नवं काळं रबर कोटिंग मारलेलं. स्क्रूड्रायव्हरनं मागच्या क्रॉस मेंबरवर, सांगाड्याच्या आडव्या दांड्यावर, वाईच खरवडलं तर कोटिंगखालनं गंजाचा पापुद्राच सुटून हातात आला, बोटाएवढा, ओला. मी तिथंच नको म्हणून सांगितलं. विकणारा म्हणाला चार गिऱ्हाइकं रांगेत आहेत, आणि ही आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. ती गाडी पुढं कुणी घेतली, कशी चालली, मला माहीत नाही आणि त्यानं काही फरकही पडत नाही. ट्रेलर लावायचा हुक ज्या लोखंडाला बांधायचा तेच कुजलंय म्हटल्यावर ती गाडी माझ्यासाठी संपली. आजही तेच करीन.

आणि आपलं गाव कोल्हापूर आहे हे विसरू नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून परत बाजारात आल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ, टोकाला गाळाचा डाग किंवा कुबट वास आहे का बघ. सीटखालच्या पट्ट्या, कार्पेटच्या खालचा फोम, स्टेपनीची जागा आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट गंज आहे का तेही बघ. जुन्या पॉलिसीचे कागद माग. क्लेम झाला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्यावर येतो, तेव्हा पुराच्या पुढच्याच वर्षी शून्य दिसला तर मालकाला सरळ विचार काय झालं होतं. उत्तर देताना अडखळला तर घरी ये.

आता फोर बाय फोरचं. सगळ्या फोर बाय फोर सारख्या नसतात, आणि तुझा गोंधळ इथंच झालाय. स्टॉर्म आणि स्कॉर्पिओ फोर बाय फोर या चेसिसवाल्या, पार्ट टाइम, म्हणजे एरवी मागच्या दोनच चाकांवर. नॉब फिरवून टू एच (दोन चाकं), फोर एच (चारी चाकं), फोर एल (चारी चाकं आणि लो रेंज, म्हणजे एकदम हळू पण जोरकस गिअर). वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक झालेला असतो, त्यामुळं कोरड्या डांबरावर फोर एच टाकून वळवलीस तर गाडी अडखळते आणि आतल्या भागांवर ताण बसतो. म्हणजे ते फक्त चिखल, खडी, ओलं गवत याच्यासाठी. पहिल्या पिढीची, २००९ ते २०१६ ची फॉर्च्युनर फोर बाय फोर मात्र फुलटाइम, मधे डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, असलेली, ती डांबरावर चारी चाकांनी चालते. हेक्सा चेसिसवाली, आरामाला उत्तम, पण तिला लो रेंज नाही. डस्टर आणि एक्सयूव्ही ५०० यांच्या ऑल व्हीलला (चारी चाकं ओढणाऱ्या मॉडेलला) वेगळी चेसिसच नाही, लो रेंजही नाही. डस्टर एकटीला चालवायला झकास गाडी आहे, मी कधी वाईट बोलणार नाही, पण मागं टनाचा ट्रेलर तिला लावू नको.

टन म्हटलं ते उगाच नाही. मेलिफेरा मधमाश्यांची भरलेली पेटी तीस किलोच्या आसपास धर, पंचवीस पेट्या म्हणजे साडेसातशे, त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन. पावसात भिजलेल्या रानातनं तेवढं ओढून बाहेर काढायचं किंवा चढावर रिव्हर्स घ्यायचं तर फोर एलमध्ये क्लच जळत नाही, गाडी मुंगीच्या चालीनं निघते. म्हणून माझा कल स्टॉर्म किंवा स्कॉर्पिओकडं. झालं, सांगितलं नाव. पण खालून चांगली असलेली हेक्सा ही गंजक्या स्टॉर्मपेक्षा कधीही भारी, हे लिहून ठेव.

गाडीच्या पुस्तकात ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते वाच, वजनाची मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. हुक बंपरला वेल्डिंग करून लावलेला असेल तर तो काढून टाक, चेसिसला बोल्टनं बसवलेलाच पाहिजे. आधीच्या मालकाने हुक लावला होता का हेही खालूनच कळतं, बोल्टाची भोकं दिसतात. भोकं दिसली तर क्लच आणि मागचा डिफरन्शियल जास्त बारकाईनं बघ. ट्रेलर टनाचा असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक पाहिजेत, त्यात तडजोड नाही. पेट्या भरताना वजन अॅक्सलवर आणि थोडं पुढं, म्हणजे हुकवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के येईल असं. सगळं मागं ठेवलंस तर हायवेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडी तुझ्या हातात राहत नाही. उतारावर गिअरवर उतर, ब्रेकवर नव्हे. आणि ट्रेलर कायद्यानं वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते, फॅब्रिकेशनवाल्याकडनं बनवून तसाच रस्त्यावर आणू नको.

खाली गेल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलला ऑइल गळतंय का, प्रोपेलर शाफ्ट हातानं हलवून क्रॉसमध्ये (सांध्यात) प्ले, म्हणजे ढिलाई, आहे का, पुढच्या अॅक्सलचे रबर बूट फाटलेत का, ब्रेकचे पाइप गंजलेत का, एवढं बघ. मालकाला आधीच सांग, खालून वॉशिंग करून आणू नको, धुतलेल्या गाडीत गळती दिसत नाही. चारी टायर एकाच साइझचे, एकाच मेकचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत, ऑल व्हीलमध्ये तर नक्कीच. मग मातीच्या रस्त्यावर फोर एच, फोर एल टाकून बघ. बऱ्याच लोकांनी तो नॉब वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो, दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि पुढची चाकं ओढतच नाहीत. मग जोतिबाच्या चढाला थांबवून परत उचल, क्लचचा वास आला तर भावात धर किंवा सोडून दे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. दिल्लीकडची दहा वर्षांची डिझेल स्वस्तात मिळते म्हणून भुलू नको. तिकडं जुन्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून ती इकडं येते, एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी आटते. एमएच ०९ बघ, मालकाच्या घरी जाऊन भेटता येतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी उतरवून घे. आणि चेसिस नंबर आरसीशी जुळव, कागदावरून नाही, चेसिसवर ठोकलेला बघून.

बीएस ६ डिझेल घेतलीस तर तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, आणि कळंबा ते गोकुळ शिरगाव एवढ्याशा पल्ल्यात तो तापत नाही, काजळीनं भरत जातो. आठवड्यातनं एकदा निपाणीपर्यंत हायवेला सलग दामटायची. पाटगावची फेरी असेल त्या आठवड्यात प्रश्न नाही.

मला आयुष्यात एकाच गाडीची खंत आहे, माझी एमएम ५४०. अपार्टमेंटमध्ये आलो, दोन पार्किंग मिळाली नाहीत, जीप गेली. तिच्याखाली झोपूनच मी सगळं शिकलो, म्हणून तुला एवढं हट्टानं सांगतोय. तुझ्या वयाला सनरूफ आणि टचस्क्रीन दिसते, बघ की, आवडलं तर घे, पण शेवटी.

रविवारी उचगावला ती हेक्सा बघायला जाणार म्हणालीस ना, मी येतो. सकाळी साडेसातला, मालकाला सांगून ठेव की आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करायचं नाही, थंड इंजिनच बघायचंय. एजंट फोनवर टोकन मागेल, देऊ नको. जुने कपडे घाल.

तुझा काका